उपस्थित सर्वांनी

“मिस्टर हुडाक, एक विचारू? आजवर एकतरी कार्यक्रम फसला का हो?”

मिस्टर हुडाक काळ्या पावाच्या तुकड्यावर सॉसेजची चकती ठेवत होते. हात तसाच थांबला.

“फसला म्हणजे?”

“म्हणजे पार बोऱ्या वाजला. कुणी फिरकलंच नाही, नाहीतर नाताळच्या नाटकात मेंढपाळाला स्टेजवर ओकारी झाली, नाहीतर बिशपसाहेबांना डुलकी लागली. असं काहीतरी.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ ढकलणारी गाडी आमच्या कचेरीसमोरचा ढीग उचलून समोरच्यांच्या दारात नेऊन टाकत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी विचार केला.

“एका वर्षी क्रीडादिनाला हवा बरी नव्हती,” ते म्हणाले, आणि चकती तोंडात टाकली.

मी हे शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवले, कारण त्यावर डोनटच्या गोळ्यांचा अख्खा डबा अवलंबून होता. माझ्या वर्गमैत्रिणी मारिकार आणि टेगननं पैज लावली होती, की कार्यक्रम फसल्याचं ते कधीच कबूल करणार नाहीत. आमच्या पोर्ट अ‍ॅल्डनच्या कॅथलिक शाळा मंडळाचं वार्तापत्र दर सोमवारी संध्याकाळी सगळ्या शाळांना जातं. कुठे अन्नदानाचे डबे गोळा झाले, कुठे पहिलीच्या मुलांनी संतांचे वेष केले, कुठल्या शाळेत नवीन झोपाळा बसला. मंगळवारी सकाळी प्रार्थनेनंतर प्रत्येक शाळेत ते स्पीकरवरून वाचलं जातं. आणि त्यातली प्रत्येक बातमी एकाच वाक्यावर संपते: ‘उपस्थित सर्वांनी आनंद लुटला.’ आम्ही बालवाडीपासून हे ऐकत आलो. त्यामुळे केमिस्ट्रीच्या पेपरानंतर मारिकार गंभीर चेहरा करून म्हणायची, “केमिस्ट्रीची चाचणी पार पडली. उपस्थित सर्वांनी आनंद लुटला.” टेगनचं आणि तिच्या त्या हॉकीवाल्याचं मोडलं तेव्हाही आम्ही हेच म्हटलं होतं, पण तिला ते तेवढं आवडलं नाही.

आणि मी आता ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसत होते. आमच्याकडे अकरावीत अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस कुठेतरी काम शिकायचं असतं. आईबाबांना मी बाबांच्या चुलतबहिणीच्या, फातिमाआत्याच्या दातांच्या दवाखान्यात जायला हवं होतं. तिथे जागा नव्हती, म्हणून शाळेनं मला मंडळाच्या कचेरीत धाडलं. आईच्या मते हे तात्पुरतं होतं. ती काचघरात दिवसभर ढोबळ्या मिरच्या खोक्यांत भरते, आणि बाबा काँक्रीट ओततात, म्हणजे हिवाळ्यात घरी बसून खिडकीतून दुसऱ्यांच्या काँक्रीटला नावं ठेवतात. दोघांचं एकच म्हणणं होतं: पोरीनं आत, उबेत, पांढरा कोट घालून काम करावं.

मला तोवर काहीच म्हणायचं नसायचं. माझ्या दातांना तीन हिवाळे तारा होत्या आणि मी हसताना हात तोंडावर धरायचे. नाताळात तारा निघाल्या आणि, बाबा म्हणतात त्याप्रमाणे, तारांबरोबर बांधही फुटला.

मिस्टर हुडाक माझ्या अगदी उलट. एमिल हुडाक. उंच, किंचित वाकलेले, खांद्यावर कायम कॅमेऱ्याचा पट्टा. कार्यक्रम कुठल्याही शाळेत असो, ते खुर्च्या मांडण्याआधी पोचायचे आणि त्या मांडूनही द्यायचे. लहान मुलांचा फोटो काढताना एक गुडघा जमिनीवर टेकायचे, बर्फाच्या चिखलात असले तरी. पाठीमागच्या रांगेत मान उंचावणारं पोर दिसलं की त्याला बोट करून पुढे आणायचे. मग प्रत्येकाला नाव विचारायचे. स्पेलिंगसकट, दोनदा. आमच्या गावात पोर्तुगीज, स्लोव्हाक, फिलिपिनो, आयरिश, सगळ्यांचीच नावं जिभेला फरफटवणारी, पण वार्तापत्रात कुणाचं नाव चुकल्याचं मला आठवत नाही. त्यांचं स्वतःचं मात्र त्यात कधी आलं नाही. फोटोत ते नसत आणि बातमीखाली नाव घालायची पद्धत नव्हती. मारिकारला तर वाटायचं, ते वार्तापत्र यंत्रच लिहितं.

लिहायचे दोन बोटांनी. लिहिताना वाक्य पुटपुटायचे. तोंड पुढे, बोटं मागे, जत्रेत आजोबांच्या मागे नातवंडं असतात तशी.

त्यांची एकच इच्छा होती, आणि ती कचेरीत सगळ्यांना माहीत होती. सेंट ब्लेझ ही आमची सर्वांत जुनी शाळा जूनमध्ये बंद होणार होती. पोरंच उरली नव्हती. मिस्टर हुडाक त्याच शाळेत शिकले. सेंट ब्लेझच्या सणाला फादर दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून प्रत्येकाच्या घशाला आशीर्वाद देतात, तेव्हा लहानगा एमिल गुदगुल्या होऊन हसला होता आणि त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ही त्यांनी मला सांगितलेली एकमेव खासगी गोष्ट. त्या शाळेच्या शेवटच्या दिवसाची बातमी लिहायची आणि मग निवृत्त व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण मंडळाच्या अधिकारी मिसेस डेव्हलिन यांना वार्तापत्र टोरांटोच्या एका कंपनीकडे द्यायचं होतं. हलती चित्रं, संगीत, सगळं चकाचक.

“जूनपर्यंत थांबा,” मिस्टर हुडाक म्हणाले होते.

“थांबते, एमिल,” त्या म्हणाल्या होत्या. “पण तोवर एकही तक्रार येता कामा नये. मला वरच्यांना उत्तर द्यावं लागतं.”

तक्रार कशी येणार? त्यांनी आयुष्यात कुणाला तक्रारीला जागाच ठेवली नव्हती.

मी प्रश्न विचारला तो सोमवार. उद्या पॅनकेकचा मंगळवार, परवा राखेचा बुधवार, आणि मग ईस्टरपर्यंत उपवासाचे दिवस. त्या सोमवारी त्यांनी पहिल्यांदा कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या खांद्यावरून काढून माझ्या खांद्यावर घातला.

“सेंट झिटामध्ये जा. ओडीलिया फुर्तादो उद्या निवृत्त होतायत. त्यांचा फोटो हवा.”

तिया ओडीलियाला मी जन्मापासून ओळखते. नात्यानं काही नाही, पण आमच्या पोर्तुगीज वस्तीत आईच्या वयाची प्रत्येक बाई तिया, म्हणजे मावशीच असते. ती सेंट झिटामध्ये जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायची. दुधाच्या पिशव्या फोडून द्यायची, थर्मासची झाकणं उघडायची, आणि पावाचे काठ टाकणाऱ्यांना नरकाचं सविस्तर वर्णन सांगायची. मी गेले तेव्हा ती उद्यासाठी पीठ मोजत होती.

“माझा फोटो? पोरी, ही जाळी डोक्यावरून काढू दे की आधी.”

“राहू दे ना तिया. तशीच तू खरी दिसतेस.”

“खरी दिसायचं वय गेलं माझं,” ती म्हणाली आणि जाळी काढून केस नीट केले. मी गुडघा टेकून फोटो काढला. टेकायची गरज नव्हती, पण टेकला.

मी परत आले तोवर मिस्टर हुडाकांनी मजकूर लिहून ठेवला होता. फोटो जोडला, बटण दाबलं, दिवा मालवला.

मंगळवारी सकाळी आम्ही वर्गात उभे होतो. स्पीकरवर बारावीचा एक मुलगा झोपाळलेल्या आवाजात वाचत होता. पॅनकेक जिम्नॅशियममध्ये मिळतील, मेपलचा पाक जपून घ्या. राखेच्या बुधवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, उद्या दुसऱ्या तासाला. मग म्हणाला, “सेंट झिटा शाळेच्या ओडीलिया फुर्तादो यांनी कित्येक वर्षं आपल्या मुलांची मायेनं सेवा केली. आता त्यांना विश्रांती लाभत आहे. हे प्रभो, त्यांना चिरविश्रांती दे.”

“आणि अखंड प्रकाश त्यांच्यावर झळको,” अख्खा वर्ग म्हणाला. मीही म्हणाले. आमचं ‘आमेन’सुद्धा झालं. खाली बसताना माझं बूड खुर्चीला लागलं आणि मला कळलं, आम्ही आत्ता काय म्हणालो ते.

आमच्याकडे हे असंच आहे. कुणी ‘चिरविश्रांती दे’ म्हटलं की पुढचं वाक्य तोंडातून आपोआप येतं, झोपेतून उठवलं तरी. त्या सकाळी गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळांतली सगळी पोरं उभी राहिली आणि एका धडधाकट बाईला त्यांनी एका सुरात वर पाठवलं.

“इडी,” मागून मारिकार कुजबुजली, “तिया ओडीलिया गेली? काल तर तू तिचा फोटो काढलास.”

“गेली नाहीये.”

“मग?”

“मला काय माहीत?”

टेगन माझ्याकडे बघत म्हणाली, “तूच लिहिलंस ना ते? अगं, पहिल्याच फोटोत बाई मारलीस.”

दुपारी कचेरीत पोचले तर फोन थांबत नव्हते. सेंट झिटाच्या दारात कुणीतरी पांढऱ्या फुलांचं चक्र ठेवून गेलं होतं. पोर्तुगीज क्लबनं झेंडा अर्ध्यावर उतरवला होता, आणि तिया ओडीलियाच्या नवऱ्याला न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना तिघांनी मिठ्या मारल्या होत्या. मिस्टर हुडाक खुर्चीत ताठ बसले होते. समोर कालचा मजकूर उघडा होता. ते तो वाचत नव्हते, नुसते बघत होते.

तेवढ्यात दार ढकलून तिया ओडीलियाच आत आली. बुटांवर बर्फ, हातात कापडानं झाकलेली परडी.

“साहेबांना सांगा, मेलेली बाई आलीये,” ती स्वागतकक्षातल्या मुलीला म्हणाली.

मिस्टर हुडाक उभे राहिले. त्यांच्या हातातला चष्मा टेबलावर पडला.

“मिसेस फुर्तादो...”

“मी तव्यापाशी होते बघा. डोक्यावरच स्पीकर. आधी माझं कौतुक ऐकलं, बरं वाटलं. म्हटलं, आता अजून काहीतरी गोड म्हणतील. तर एकदम चिरविश्रांती. हातातला पॅनकेक हातातच. आणि सगळी पोरं उभी, हात जोडून, माझ्याचकडे तोंड करून. मी म्हटलं, अरे मी मेले असेन तर हे उलटतंय कोण?” तिनं श्वास घेतला. “एक सांगू? त्या शाळेत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एका पोरानं तर पावाचे काठसुद्धा खाऊन दाखवले मला.”

मला हसू आवरेना. मिस्टर हुडाक हसत नव्हते.

तिनं परडीवरचं कापड काढलं. आत मालासादा, आमच्या तळलेल्या साखरी पुऱ्या. उपवासाच्या आदल्या दिवशी आमच्यात घरोघर त्याच होतात. पॅनकेक ती शाळेतल्या इतरांसाठी करायची आणि त्यांना मनातून पुठ्ठा समजायची.

“खा. मयताला आलात असं समजा.”

“मिसेस फुर्तादो, हे जे झालं ते...” मिस्टर हुडाक म्हणाले, आणि मिसेस डेव्हलिन आल्या. त्यांनी तियाचे दोन्ही हात धरून माफी मागितली, ती खरीच होती. मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज मऊ होता.

“ही मुलगी नवीन आहे. शिकताना होतं असं. उद्या आपण तसं छापू.”

मी मिस्टर हुडाकांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी पाहिलं. मग फोन वाजला, मिसेस डेव्हलिन तिकडे वळल्या, आणि त्यांनी तोंड मिटलं.

मी तिथल्या तिथे सांगू शकले असते. हल्ली मी सगळंच सांगत होते. पण त्यांच्या टेबलावरच्या दिनदर्शिकेत जूनचं पान उलटून ठेवलेलं होतं, आणि त्यातल्या एका चौकोनाभोवती त्यांनी पेन्सिलनं बारीक गोल काढला होता. मी एक मालासादा उचलली आणि तोंड भरून घेतलं.

घरी बाबा दारातच उभे होते. क्लबातून बातमी माझ्याआधी पोचली होती.

“तू केलंस?”

“नाही.”

“मग कुणी केलं?”

मी बूट काढत राहिले.

“हे बघ, इडालिना. सगळे म्हणतायत फुर्तादोची बाई कोर्देइरोच्या, म्हणजे माझ्या, पोरीनं मारली. मला क्लबात पत्ते खेळायला बसवत नाहीत, म्हणतात तुझ्या घरच्यांपासून लांब राहिलेलं बरं, आमचं वय झालंय.”

“चेष्टा करतायत ते, बाबा.”

“माझ्या नावानं करतायत.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी फातिमाशी बोलले. तिच्याकडची मुलगी बाळंतपणाला गेली. सोमवारपासून ये म्हणाली. दात मोजायचे असतात, तिथे कुणी मरत नाही.”

राखेच्या बुधवारी मी कचेरीत गेले तेव्हा सगळ्यांच्या कपाळावर मिस्सेत लावलेले राखेचे काळे क्रूस होते. त्या दिवशी आमचं सगळं गाव एकसारखं दिसतं, दुकानदार, बसचालक, दंतवैद्य, सगळे. माझाही होता, थोडा नाकावर ओघळलेला. मिस्टर हुडाक टंकत होते. त्यांनी कपाळाला हात लावून तोच हात कीबोर्डावर ठेवला असावा, कारण दोन-तीन कळांवर राख उतरली होती.

शेजारी मिसेस डेव्हलिननी पाठवलेला खुलासा उघडा होता. मिस्टर हुडाकांना फक्त तो पुढे पाठवायचा होता. त्यात लिहिलं होतं की एका विद्यार्थिनीच्या अनवधानानं चूक झाली, मंडळ दिलगीर आहे. माझं नाव नव्हतं. पण पोर्ट अ‍ॅल्डनमध्ये ‘एक विद्यार्थिनी’ म्हणजे कोण, हे न्हाव्याच्या दुकानातल्या मांजरालाही कळलं असतं.

“बस,” ते म्हणाले. “वाच.”

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला.

‘मंगळवारच्या वार्तापत्रात ओडीलिया फुर्तादो यांच्यासाठी मृतांची प्रार्थना छापली गेली. त्या हयात आहेत. मंगळवारी त्यांनी सेंट झिटा शाळेत सगळ्या मुलांना पॅनकेक वाढले. तो मजकूर मी लिहिला होता आणि चूक माझी आहे. एमिल हुडाक.’

मी ते नाव दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत ते तिथे पहिल्यांदा आलं होतं, आणि आलं ते असं.

“‘विश्रांती’ लिहिलं,” ते म्हणाले, “आणि पुढचं बोटांनी लिहिलं. मी पुटपुटतो ना. त्या शब्दामागे आयुष्यभर तेच येत आलंय. वाचून बघितलं तेव्हाही ते जागच्या जागी आहे असंच वाटलं.”

“आम्हीसुद्धा सगळे उभं राहून म्हणालो,” मी म्हणाले. “कुणालाच चुकीचं वाटलं नाही.”

“काल मी बोलायला हवं होतं, इडालिना. तोंडाशी आलं होतं. सेंट ब्लेझ आडवं आलं.”

“हे पाठवलंत तर सेंट ब्लेझ जाईल.”

“जाईल.”

“मग थोडं थांबा ना. मला चालेल. मी कुठे कायमची आहे इथे. सोमवारपासून दात मोजायला जाणारच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेतल्या पोराकडे बघतात तसं.

“तू परवा विचारलंस, एखादा कार्यक्रम फसला का. तुला खोटं सांगितलं मी. सेंट ब्लेझच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून देणारा एक जण होता, वॉल्टर नावाचा. तो सोडून चालला तेव्हा शाळेनं त्याच्यासाठी निरोपाची न्याहारी ठेवली. त्याच दिवशी शाळेचा संघ हॉकीच्या अंतिम सामन्याला गेला. मुलं, मास्तर, आईबाप, सगळे तिकडे. अंडी शंभर माणसांची. आलो आम्ही दोघं, तो आणि मी.”

“मग तुम्ही काय लिहिलंत?”

“उपस्थित सर्वांनी आनंद लुटला.”

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

“खोटं नव्हतं ते,” ते म्हणाले. “आम्ही दोघं उपस्थित होतो. अंडी चांगली होती. तो मला त्याच्या गावच्या नदीबद्दल सांगत होता.” त्यांनी चष्मा पुसला, त्यावर राख लागली. “मी कधी खोटं छापलं नाही, इडालिना. काही वगळलं असेल. पण हे ‘विद्यार्थिनी’ छापलं तर ते खोटं होईल. आणि मग सेंट ब्लेझबद्दल जे लिहीन, तेही त्याच हातानं लिहिलेलं असेल.”

त्यांनी बटण दाबलं. नेहमीसारखं, एका बोटानं.

मिसेस डेव्हलिन थोड्या वेळानं आल्या. त्यांच्याही कपाळावर क्रूस होता. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

“एमिल, मी तुम्हाला वाट काढून दिली होती.”

“दिली होतीत. पण ती या पोरीच्या अंगावरून जात होती.”

त्यांनी राख लागलेल्या कळांकडे पाहिलं. “मला आता वर सांगावं लागेल. तुम्हाला माहीत आहे ते काय म्हणतील.”

“माहीत आहे.”

“कंपनी सप्टेंबरपर्यंत येत नाही. तोवर...” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काल पाहिलं होतं तसं नाही. “तोवर कुणीतरी हवं. शुक्रवारपर्यंत सांगशील?”

शुक्रवारी मिस्टर हुडाकांचा शेवटचा दिवस होता. निरोपसमारंभ नको असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते जरा पटकनच मान्य केलं. त्यांनी खणातून सुरी, डबा आणि एक मफलर काढला. कॅमेरा टेबलावर ठेवला.

मग तिया ओडीलिया आली. या वेळी चीज घातलेले पाव घेऊन, कारण उपवासातला शुक्रवार, सॉसेज वर्ज्य.

“मी कुणाच्या उपकारात राहत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही माझं मयत केलंत, मी तुमचं जेवण करते.”

मिस्टर हुडाक हसले. मी त्यांना पहिल्यांदाच दात दाखवून हसताना पाहिलं, आणि सांगायला हरकत नाही, ते चांगले होते. आम्ही तिघं त्यांच्या टेबलाभोवती जेवलो. तियानं स्वतःच्या मरणाची गोष्ट परत सांगितली. आता त्या गोष्टीत न्हाव्याकडची अर्धी दाढीही आली होती आणि फुलांच्या चक्राचा रंग बदलला होता.

जेवण झाल्यावर मी कॅमेरा उचलला.

“उभे राहा, मिस्टर हुडाक.”

“मी?”

“खिडकीपाशी. उजेड चांगला आहे.”

ते उभे राहिले, पण हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. आधी बाजूला सोडले, मग पाठीमागे घेतले, मग जिथे कायम कॅमेऱ्याचा पट्टा असायचा तिथे एक हात खांद्याशी नेला आणि तिथेच ठेवला. मी गुडघा टेकला. फोटो काढला.

“नाव सांगा,” मी म्हणाले. “स्पेलिंगसकट.”

तिया हसायला लागली, मग थांबली. मिस्टर हुडाकांनी नाव सांगितलं, एकेक अक्षर, सावकाश.

“परत एकदा.”

त्यांनी परत सांगितलं. मग मफलर गुंडाळला, दिव्याकडे हात नेला, आणि आम्ही अजून आत आहोत हे पाहून दिवा तसाच चालू ठेवून गेले.

संध्याकाळी घरी खारवलेला मासा आणि बटाटे होते. बाबांनी ऑलिव्ह तेल ओतता ओतता सांगितलं की क्लबात त्यांना परत पत्त्यांना बसवलं. सगळ्यांनी तो खुलासा वाचला होता. आता तिथे वाद चालला होता की हुडाक म्हणजे कोण, कारण चेहरा कुणालाच आठवत नव्हता, पण प्रत्येकाच्या पोराचा फोटो त्यानंच काढलेला होता.

“बरं झालं, मिटलं एकदाचं,” आई म्हणाली. “पांढरा कोट तुला फातिमा देणार आहे. सोमवारी केस बांधून जा.”

मी काटा खाली ठेवला. तोंडावर हात धरला नाही.

“मी सोमवारी दवाखान्यात जाणार नाहीये. मिसेस डेव्हलिनना सांगून आलेय. सेंट ब्लेझ बंद होईपर्यंत मंडळाच्या बातम्या मी लिहिणार आहे, आणि शेवटच्या दिवसाचीही. प्रत्येक बातमीखाली माझं नाव असेल.”

बाबांच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आणि चूक झाली म्हणजे?”

“तेव्हाही तेच नाव असेल, आई.”